ग्रेनव्हिलचा शनिवार

कॅरिबियन म्हटले की डोळ्यांपुढे येते ते प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकातले चित्र: पांढरी वाळू, निळेशार पाणी, दोन माडांना बांधलेला झोपाळा. ग्रेनाडा बेटावर हे सगळे आहे, पण ते बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, ग्रॅन्ड आन्सच्या किनाऱ्याभोवती एकवटले आहे. विमानतळ तिथे, मोठी हॉटेले तिथे. सेंट जॉर्जेस या राजधानीच्या बंदरात क्रूझमधून उतरलेले प्रवासीही बहुतेक त्याच टापूत दिवस घालवून बोटीवर परततात. बेटाची लांबी जेमतेम ३४ किलोमीटर. तरीही पलीकडच्या, अटलांटिककडच्या बाजूला असलेल्या ग्रेनव्हिलपर्यंत त्यांच्यापैकी फार थोडे पोहोचतात. माझ्या मते ग्रेनाडा बेट कशावर जगते हे समजून घ्यायचे असेल, तर या गावाला पर्याय नाही.

तिथे जायला सेंट जॉर्जेसच्या बसस्थानकावरून सहा नंबरची मिनीबस मिळते. बसमध्ये चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. कुणाशी ओळख असो वा नसो, न बोलता आत शिरणे उद्धटपणाचे मानतात. दुकानातही तेच. कंडक्टर माणसे दाटीवाटीने बसवतो आणि बस वळणावळणांनी डोंगर चढू लागते. माथ्यावर ग्रॅन्ड एतांगचे सरोवर लागते. एका निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५३० मीटर उंचीवर साठलेले हे पाणी. आजूबाजूच्या रानात मोना जातीची माकडे आहेत. गुलामांच्या व्यापाराच्या काळात ती पश्चिम आफ्रिकेतून इथे आली. घाट उतरताना केळी, कोको आणि जायफळाच्या बागा सुरू होतात. उतरायचे असेल तिथे बसच्या टपावर आतून टकटक करायची, ड्रायव्हर थांबतो.

ग्रेनव्हिल हे सेंट अँड्र्यू परगण्याचे मुख्य गाव आणि राजधानीखालोखाल महत्त्वाची बाजारपेठ. फ्रेंचांच्या अमलात याला ला बे म्हणत. १७६३ च्या पॅरिस तहाने बेट इंग्रजांकडे गेले आणि गावाला जॉर्ज ग्रेनव्हिल या तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधानाचे नाव मिळाले. पुढे २ मार्च १७९५ च्या रात्री ज्युलियन फेदों या मिश्रवंशीय मळेवाल्याने उठाव केला, तेव्हा पहिला घाव ग्रेनव्हिल आणि पश्चिमेकडच्या गुयाव्ह या दोन गावांवर पडला. फ्रेंच राज्यक्रांतीचे वारे इथवर पोहोचले होते. हजारो गुलाम फेदोंला येऊन मिळाले आणि सुमारे पंधरा महिने सेंट जॉर्जेसचा परिसर सोडला तर जवळजवळ सगळे बेट बंडवाल्यांच्या ताब्यात राहिले. १७९६ च्या जूनमध्ये इंग्रजांनी उठाव चिरडला. फेदों मात्र कधीच हाती लागला नाही. गावात या सगळ्याच्या ठळक खुणा दिसत नाहीत. दिसतो तो बाजार.

बाजार रोज भरतो, पण खरा दिवस शनिवार. आदल्या संध्याकाळपासून डोंगरातल्या वस्त्यांमधून माल उतरू लागतो. विकणाऱ्या बहुतेक बायका. त्यातल्या अनेकींनी माल स्वतःच्याच वाडीत पिकवलेला असतो, त्यामुळे कंद कधी खणला, फळ किती दिवस टिकेल हे त्या नेमके सांगतात. मराठी माणसाला इथे फार वेळ परके वाटत नाही. अळूच्या पानांच्या जुड्या आहेत. त्यांना इथे कलालू म्हणतात. ओली हळद आहे, चिंचा आहेत, आले आहे, मामफळे आहेत. नाताळच्या सुमारास गेलात तर तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग आणि लाल अंबाडीची बोंडे मिळतील. बोंडांचे मसालेदार सरबत हा इथल्या नाताळचा भाग आहे. तुरी भारतातून आफ्रिकेत आणि तिथून गुलामांच्या जहाजांच्या वाटेने या बेटांवर आल्या. नीरफणस अठराव्या शतकाच्या अखेरीस ताहितीहून कॅरिबियनमध्ये आणला गेला, गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. त्याच नीरफणसाच्या फोडी, खारवलेले मांस किंवा मासे, हळद आणि अळूची पाने नारळाच्या दुधात, ते पूर्ण आटून तेल सुटेपर्यंत शिजवली की ‘ऑइल डाउन’ तयार होते. हे ग्रेनाडाचे राष्ट्रीय अन्न. घरच्या रोजच्या जेवणापेक्षा चार माणसे जमून मोठ्या पातेल्यात करण्याचा हा प्रकार आहे.

बाजारात कोकोचे काळपट गोळेही मिळतात. भाजून वाटलेल्या कोकोबियांत दालचिनी, तमालपत्र, जायफळ घालून ते वळतात आणि सकाळी पाण्यात उकळून पितात. पेयावर तुपासारखा कोकोच्या स्निग्धाचा थर येतो. पाकिटातल्या पावडरीला ती चव कधीच येणार नाही.

गावाच्या मधोमध जायफळाचे प्रक्रिया केंद्र आहे. ते पाहिल्याखेरीज ग्रेनव्हिलहून परतू नये. ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे. ७ फेब्रुवारी १९७४ ला देश स्वतंत्र झाला तेव्हापासून ते तिथे आहे, आणि त्यामागे निव्वळ हौस नाही. जायफळ मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे. ग्रेनाडात ते १८४३ च्या सुमारास आले. गुलामी १८३४ मध्ये संपली होती आणि उसाचे मळे मजुरांअभावी मोडकळीला आले होते. ऊस, घाणा आणि कारखाना चालवायला मोठे भांडवल लागे. जायफळाला मात्र डोंगरउतारावरचा एखादा तुकडाही पुरे. झाड लावायचे, सहा-सात वर्षे वाट पाहायची, मग फळ आपोआप उकलून जमिनीवर पडते आणि घरातली मुलेमाणसेही ते वेचू शकतात. मुक्त झालेल्या गुलामांच्या पुढच्या पिढ्यांना स्वतःच्या जमिनीवर उभे करणारे हे पीक होते.

१९४७ मध्ये ग्रेनाडा को-ऑपरेटिव्ह नटमेग असोसिएशन ही शेतकऱ्यांची संस्था स्थापन झाली. शेतकऱ्याने जायफळ केंद्रावर घालायचे, त्याच वेळी वजनावर आगाऊ रक्कम घ्यायची आणि विक्रीचा हिशेब झाल्यावर वर्षअखेर उरलेला वाटा बोनस म्हणून मिळवायचा. साखर कारखान्याची पहिली उचल आणि अंतिम बिल पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

केंद्रात शिरताच वास अंगावर येतो, इतका दाट की थोड्या वेळाने कपड्यांनाही तो लागतो. कवचासकट जायफळे लाकडी फळ्यांच्या मजल्यामजल्यांच्या मांडण्यांवर पसरलेली असतात. सहा ते आठ आठवडे ती तिथेच सुकतात आणि कामगार ती दाताळ्याने हलवत राहतात. आतली बी खुळखुळू लागली की यंत्रावर कवच फोडायचे. मग बी पाण्याच्या टाकीत टाकतात: बुडाली ती पक्की, तरंगली ती तेलासाठी. पुढे बायका लांब टेबलांपाशी बसून आकाराप्रमाणे हातांनी निवड करतात. जायपत्री वेगळी, तिचीही प्रतवारी वेगळी. शेवटी तागाच्या पोत्यांवर पत्र्याच्या साच्यातून ठसे मारले जातात. फोडलेली कवचेही वाया जात नाहीत. बेटावरच्या कितीतरी बागांच्या पायवाटांवर तीच पसरलेली दिसतात. फळाच्या जाड मांसल सालीचा जॅम आणि सरबत होते. आपल्याकडे श्रीखंडात आणि पुरणात चिमूटभर जायफळ किसून घालताना त्यामागचे हे कष्ट आपल्याला दिसत नाहीत. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’सारख्या जाती काढल्या आहेत आणि नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ लावणारे बागायतदार वाढले आहेत. त्यांच्यापैकी कुणी कॅरिबियनमध्ये गेले तर एक सकाळ इथे जरूर काढावी.

या झाडाचे वैरी वारे. जायफळाची मुळे खोल जात नाहीत. २२ सप्टेंबर १९५५ च्या जॅनेट वादळाने बागांची धूळधाण केली आणि त्या सावरायला एक पिढी गेली. मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आले. तोवर ग्रेनाडा जायफळाच्या निर्यातीत इंडोनेशियाच्या खालोखाल होते. एका दिवसात सुमारे नव्वद टक्के झाडे कोसळली किंवा निकामी झाली, आणि पुढच्याच जुलैत एमिली वादळाने उरलेल्यांना झोडपले. नव्याने रोप लावले तर पैसा हाती यायला सात-आठ वर्षे. त्यातही रोप नर की मादी हे फुलल्याखेरीज कळत नाही, आणि नराला फळ धरत नाही. वय झालेल्या शेतकऱ्याने हा जुगार का खेळावा? अनेकांनी त्याऐवजी कोको लावला, जो तीनेक वर्षांत फळतो. केंद्रात आज जे मोकळे मजले दिसतात त्यांचे कारण हे आहे. उष्ण होत चाललेल्या समुद्राची किंमत असे छोटे देश मोजत आहेत, आणि तो समुद्र तापवण्यात त्यांचा वाटा नगण्य आहे. हा अन्याय आहे, आणि तो अन्यायच म्हणून सांगितला पाहिजे.

दुपारी भूक लागली की रोटी घ्यावी. इथे रोटी म्हणजे मटण, कोंबडी किंवा बटाट्याचा रस्सा गुंडाळलेली मोठी पोळी. डाळपुरीच्या प्रकारात पोळीतच वाटलेली पिवळी डाळ भरलेली असते, पुरणपोळीसारखी, फक्त गोडाऐवजी जिऱ्याची. ती इथे पोहोचली १ मे १८५७ नंतर. त्या दिवशी कलकत्त्याहून निघालेले मेडस्टोन हे जहाज बेटाच्या उत्तर किनाऱ्याला लागले आणि भारतीय करारबद्ध मजूर उतरले. पुढच्या तीसेक वर्षांत तीन हजारांवर माणसे आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. त्रिनिदादला जसा भारतीय समाज आपले देव, सण आणि भाषा धरून राहिला, तसे इथे घडले नाही. संख्या कमी, मळे विखुरलेले. बहुतेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि भोजपुरी बोलणारे कोणी उरले नाही. रोटी उरली, आणि आता ती साऱ्या बेटाची झाली आहे.

गावाच्या उत्तरेला पर्ल्सची जुनी धावपट्टी आहे. १९४३ पासून १९८४ पर्यंत हाच बेटाचा विमानतळ होता. १९७९ मध्ये क्रांती करून सत्तेवर आलेले पंतप्रधान मॉरिस बिशप यांची १९ ऑक्टोबर १९८३ ला त्यांच्याच पक्षातल्या विरोधी गटाच्या हुकुमाने हत्या झाली आणि २५ ऑक्टोबरला अमेरिकी फौजा उतरल्या. मरीन दलाने पर्ल्स ताब्यात घेतले. सोव्हिएत बनावटीच्या दोन अँतोनोव्ह विमानांचे सांगाडे अजून तिथल्या गवतात गंजत आहेत आणि आसपास गुरे चरतात. बिशप यांच्या राजवटीत क्यूबाच्या मदतीने बांधायला घेतलेल्या दक्षिणेकडच्या नव्या विमानतळाला २००९ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

कुणी जाणार असेल तर थोडे सांगते. भारतातून थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेतून जावे लागते. खिशात ईस्टर्न कॅरिबियन डॉलरची सुटी नाणी-नोटा ठेवा. १९७६ पासून अमेरिकी डॉलरला २.७० हा दर ठरलेला आहे. लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, तिथे ते घालणे कायद्याने गुन्हा आहे. पोहण्याच्या पोशाखात गावात हिंडू नका. शनिवारी जा आणि लवकर जा, कारण दुपारनंतर चांगला माल उरत नाही. मसाले हॉटेलातल्या दुकानातून घेऊ नका. ग्रेनव्हिलच्या बाजारात पिकवणाऱ्या बाईकडून घ्या, म्हणजे पैसे तिच्या हातात पडतील.