लहान मत्स्यपेटीतील मागील बाजूच्या वनस्पतींची निवड

शिरूर तालुक्यातील पाबळ व आसपासची गावे अवर्षणप्रवण भागात मोडतात. जेथे पाण्याचा प्रत्येक हंडा मोलाचा, तेथे माशांची काचपेटी ठेवणे प्रथमदर्शनी चैनीचे वाटेल. परंतु दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीस सुमारे ५० लिटर पाणी पुरते. आठवड्यास बदलावे लागणारे दहा-बारा लिटर पाणी परसबागेतील भाजीस देता येते. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे घरी किंवा शाळेत वाढविण्यास अशी पेटी उपयोगी पडते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापून हातांनी काम करीत शिकण्याची वाट घालून दिली. त्या परिसरातील मुलांस ही पेटी म्हणजे जीवशास्त्राचा एक चालताबोलता पाठच होय.

मागील वनस्पती कशासाठी?

पेटीच्या मागील काचेलगत उंच वाढणाऱ्या वनस्पती लावतात. त्या केवळ शोभेसाठी नसतात. गप्पीची मादी अंडी न घालता जिवंत पिल्ले देते आणि मोठे मासे ती पिल्ले खाऊन टाकतात. दाट वनस्पतींच्या आडोशास पुष्कळ पिल्ले वाचतात. शिवाय वनस्पती माशांच्या विष्ठेतील नत्र शोषून घेतात व दिवसा पाण्यास प्राणवायू देतात.

आधी पाणी ओळखावे

काळ्या खडकातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी पुष्कळदा जड असते. साबणास फेस कमी येणे आणि भांड्यास पांढरा थर बसणे ही त्याची खूण होय. गप्पीस असे पाणी मानवते. वनस्पतीही तशाच निवडाव्या.

१. व्हॅलिस्नेरिया : हिची पाने फितीसारखी लांब असतात. जड पाण्यातील बायकार्बोनेटपासून ती कर्ब मिळवू शकते. धावत्या खोडांनी ती पसरते व थोड्याच काळात मागील बाजू भरून काढते. लहान पेटीसाठी अरुंद पानांची जात घ्यावी. राक्षसी जात टाळावी.

२. सेराटोफायलम : हिला मुळे नसतात. मागील बाजूस दगडाने अडकवून ठेवावी किंवा तरंगू द्यावी. पिल्लांच्या आडोशास ही फार चांगली.

३. हायड्रिला : आपल्याकडील तळ्यांत व कालव्यांत आढळणारी ही वनस्पती कमी उजेडातही जोमाने वाढते. मात्र वारंवार छाटणी करावी लागते.

दुकानात आकर्षक दिसणारी कॅबोम्बा मऊ, किंचित आम्ल पाण्यातील वनस्पती आहे. जड पाण्यात तिची पाने झडतात व पैसा वाया जातो. तांबड्या पानांच्या बहुतेक जातींस प्रखर दिवे लागतात. नवशिक्याने त्यांच्या मागे लागू नये.

लावणी व निगा

वाळू स्वच्छ धुऊन पुढे दीड इंच व मागे तीन इंच असा उतार द्यावा. व्हॅलिस्नेरियाची रोपे दोन-दोन इंचांवर लावावी. मुळे वाळूत जावी, पण पाने जेथून फुटतात तो गड्डा वरच राहावा. तो पुरल्यास रोप कुजते. पाने लांबल्यास मधून न कापता जुनी पाने बुडापासून काढावी. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे. थेट ऊन टाळून रोज सहा ते आठ तास उजेड द्यावा. अधिक उजेडाने काचेवर शेवाळ धरते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, तर वनस्पती विरळ कराव्या किंवा मासे कमी करावे.

छाटलेले तुकडे कोठेही टाकू नयेत

ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. आपली हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गेली. तेथील कालवे व तळी तिने व्यापली आणि तिच्या निर्मूलनावर मोठा खर्च होत आला आहे. उलट, शोभेची म्हणून आपल्या देशात आलेली दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी आज पुणे जिल्ह्यातील इंद्रायणी व मुळा-मुठा नद्यांत माजलेली दिसते. हायड्रिलाच्या लहानशा तुकड्यापासूनही नवे झाड होते. असा तुकडा शेततळ्यात गेल्यास तेथे ती फोफावते आणि पंपाच्या जाळीत अडकते. म्हणून छाटलेला पाला उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. तो ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात टाकू नये. गप्पी मासेही बंदिस्त टाक्यांतच सोडावे. ओढ्यात सोडल्यास ते स्थानिक माशांना उपद्रव देतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील एका शाळेत अशी एक पेटी प्रथम उभी करावी. तिच्यातील वाढलेली रोपे दुसऱ्या पेटीस देता येतील. वनस्पती पाणी पाहून निवडावी, नुसत्या रंगावर जाऊ नये, एवढे पथ्य पाळल्यास थोड्या पाण्यात व थोड्या खर्चात पेटी वर्षानुवर्षे हिरवी राहते.