नाकाच्या वाटेने येणाऱ्या आठवणी

गेल्या महिन्यात देऊळगाव राजाजवळच्या एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आले. आजींचे वय ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार आहे. नातवाला त्या दिराच्या नावाने हाक मारतात, जेवण झाले तरी पुन्हा ताट मागतात. मुलाचे म्हणणे मात्र निराळेच होते. "डॉक्टरसाहेब, मायचं डोकं अर्धा तास एकदम चांगलं झालं, अन् परत होतं तसंच झालं. हे काय गौडबंगाल आहे?"

घडले ते असे. सूनबाईंनी अंगणवाडीतून लेकरासाठी मिळालेल्या पाकिटातले गोड पीठ शिजवले आणि वाटीभर आजींच्या पुढे ठेवले. पहिला घास तोंडात जाताच आजी थांबल्या. म्हणाल्या, "ही तर सुकडी!" आणि मग बोलतच सुटल्या. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडली, मुकादम कसा होता, कडुनिंबाला झोळी बांधून तान्ह्या लेकराला कसे निजवायचे, आपल्या वाट्याची सुकडी अर्धी पदरात कशी बांधून ठेवायची. झोळीतले ते तान्हे लेकरू म्हणजे माझ्यासमोर बसलेले हे त्रेपन्न वर्षांचे गृहस्थ. ही हकीकत त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी त्यांनाच विचारले, "तुम्ही कोणाचे?"

आमच्या वयाच्या वाचकांना सुकडी सांगायला नको. १९७२ चा पाऊस गेला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, आणि ही कोरडी गोडसर सुकडी यांवर कित्येक घरांनी ते वर्ष काढले. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा होतो. दुष्काळाचे मला दुसरे काही आठवत नाही, पण मिलोच्या लालसर भाकरीचा वास आठवतो.

आता प्रश्न असा की, मुलाचा चेहरा पुसला गेला आणि सुकडीची चव कशी टिकली? याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे.

आधी एक घरगुती प्रयोग करा. नाक चिमटीत घट्ट धरून थोडी बडीशेप चावा. फक्त गोडसर लागेल. आता नाक सोडा. बडीशेपेचा स्वाद एकदम तोंडभर पसरेल. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसरसासारखी एक चव, एवढेच कळते. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ती बहुतेक घशाच्या मागून नाकात चढलेला वास असतो. सर्दीत जेवण बेचव लागते ते यामुळेच. म्हणजे आजींना सुकडी ओळखून दिली ती जिभेपेक्षा नाकाने.

नाकाच्या अगदी वरच्या भागात टपालाच्या तिकिटाएवढी एक नाजूक त्वचा असते. तिच्यात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. हे कोडे अमेरिकेतील लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये उलगडले आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींचे तंतू चाळणीसारख्या एका हाडाच्या छिद्रांतून थेट मेंदूत शिरतात.

हा 'थेट' शब्द महत्त्वाचा. डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले आधी मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका केंद्रात जाते आणि तिथून पुढे वाटले जाते. आपल्या गावात रेल्वे नाही. मुंबईची गाडी धरायला आधी जालना स्टेशन गाठावे लागते, तसेच हे. वासाला मात्र जालन्याला उतरावे लागत नाही. तो एक-दोन टप्प्यांतच भीती, माया, किळस अशा भावना जागवणाऱ्या बदामाएवढ्या भागात आणि त्याच्या शेजारच्या, आठवणी साठवणाऱ्या भागात पोहोचतो. म्हणून वास आधी पोटात कालवतो आणि त्याचे नाव मागाहून सुचते. पहिल्या पावसाने काळी माती भिजली की छातीत काहीतरी हलते. काय हलले ते सांगायला शब्द लागतात, आणि शब्द उशिरा येतात.

फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त याने चहात बुडवलेल्या केकच्या चवीतून जागे झालेले बालपण १९१३ च्या कादंबरीत लिहिले. तेव्हापासून शास्त्रज्ञ या गोष्टीच्या मागे लागले आहेत. त्यांना असे दिसले की, शब्द किंवा चित्र दाखवून ज्या आठवणी निघतात त्या बहुधा तरुणपणाच्या असतात. वासाने निघतात त्या पुष्कळदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या. मात्र वासाने आलेली आठवण जास्त खरी असते असे समजू नका. ती जास्त उत्कट असते, एवढेच. तिच्या जोरावर बांधाचे भांडण उकरून काढू नये.

आवाजाची वाट थोडी वळणाची आहे, पण गाण्याचे तसे नाही. चाल आणि ठेका मेंदूत अनेक ठिकाणी विखरून साठवलेले असतात, म्हणून विस्मरणाच्या आजारातही ते बरेच दिवस टिकतात. मुलांची नावे विसरलेल्या बायकांना जात्यावरच्या ओव्या एकामागून एक म्हणताना मी ऐकले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. ज्यांनी त्या सांगितल्या त्यांना कोणी लिहून दिल्या नव्हत्या.

आता या वाटेची दुसरी बाजू. ती सांगताना मला माझीच चूक सांगावी लागेल.

एक तरुण शेतकरी दोन वर्षे, दर पावसाळ्यात, माझ्याकडे छातीत धडधड होते म्हणून येत असे. हातपाय गार, दरदरून घाम. मी तीनदा कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले. सगळे ठीक. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, 'टेन्शन घेऊ नका' असे सांगितले. तिसऱ्या वर्षी त्याची पत्नी सोबत आली. ती हळूच म्हणाली, "साहेब, शेजारच्या वावरात फवारणी सुरू झाली की यांना असं होतं." मग कळले की त्याच्या थोरल्या भावाने फवारणीचे औषध पिऊन जीव दिला होता आणि त्याला याने खांद्यावर उचलून आणले होते. सदऱ्याला तो वास लागला होता. भाऊ गेला त्याला चार वर्षे झाली होती, पण नाकासाठी ते दर वर्षी नव्याने घडत होते. मी हृदय तपासत होतो, आणि कशाचा वास आला की होते, हे एकदाही विचारले नव्हते.

हा भित्रेपणा नव्हे. मनावर झालेल्या आघाताचा हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. त्याला मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. आज तो पुष्कळ बरा आहे. कुणाला जाणे जमत नसेल तर सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. एक इशारा मात्र इथेच देतो. स्वतः फवारणी केल्यावर घामासोबत तोंडातून लाळ, उलट्या, धूसर दिसणे, स्नायू फडफडणे असे काही झाले तर ती आठवण नसून विषबाधा असते. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.

वास अजिबात जाणे हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. २०२०-२१ मध्ये कोरोनाने हजारोंना हा अनुभव दिला. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. ज्याला वास येत नाही त्याला गळतीही कळत नाही, नासलेले वरणही कळत नाही. अशा रुग्णांसाठी जर्मनीत २००९ साली मांडलेला एक सोपा व्यायाम आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, या चार वासांपैकी प्रत्येक पंधरा-वीस सेकंद, सकाळ-संध्याकाळ, निदान तीन महिने हुंगायचा. हुंगताना त्या वासाची आठवण मनात आणायची. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही, पण खर्च नाही आणि अपायही नाही. उतारवयात सर्दी नसताना वास हळूहळू कमी होत गेला तर डॉक्टरांना सांगावे. कंपवात आणि विस्मरण या आजारांची ती कधीकधी आधीची खूण असते. कधीकधीच, हे लक्षात ठेवा. नाहीतर उद्या सर्दी झालेले सगळे माझ्या दारात उभे राहतील. आणि आसपास काही नसताना अचानक जळका वास येऊन क्षणभर भान हरपत असेल, तर तो फेफऱ्याचा प्रकार असू शकतो.

परत आजींकडे येतो. मुलाने विचारले, "मग रोज सुकडी देऊ का?" मी म्हटले, रोज नको, त्यांना साखरेचा त्रास आहे. शिवाय रोजच्या वासाची आठवण बोथट होते असा माझा अनुभव आहे. आठवड्यातून एखाद दिवशी द्या, कधी चुलीवर भाकरी टाका, कधी हळदीचे पान हाती द्या. उपयोग होईलच असे नाही, या आजारात वासही मंदावतो. पण बोलू लागल्या तर चुका काढू नका, नुसते ऐका. जमल्यास लिहून ठेवा.

ते उठले तेवढ्यात माझ्या कंपाउंडरने दुसऱ्या रुग्णासाठी स्पिरिटची बाटली उघडली. आजींनी झटकन पदर दंडावर ओढून घेतला आणि मला म्हणाल्या, "सुई नको रे बाबा."