कोरड्या पात्रांची पूररेषा

दुष्काळप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली, परंडा व भूम तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली आणि परंडा तालुक्यात अडकलेल्या ग्रामस्थांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टरही वापरावे लागले. पर्जन्यछायेतील या भागात नद्या-ओढे वर्षाचा बराच काळ कोरडे असल्यामुळे काठची जमीन बांधकामास योग्य भासते. म्हणूनच पूरप्रवण क्षेत्रातील बांधकामाचे नियम आणि त्यांवर हरकत घेण्याचा नागरिकांचा अधिकार यांना येथे विशेष महत्त्व आहे.

या नियमांचा आधार म्हणजे पूररेषा. जलसंपदा विभागाच्या निकषांनुसार निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त राहावे, असा याचा अर्थ होत नाही. लाल रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का असते, आणि तीस वर्षांच्या काळात ती सुमारे २६ टक्क्यांवर, तर निळ्या रेषेबाबत ७१ टक्क्यांवर जाते.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार नदीकाठ व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र असून तेथे उद्यान, वाहनतळ, खुला भाजीबाजार अशा मोजक्या वापरांनाच मुभा आहे. निळ्या व लाल रेषांमधील नियंत्रित क्षेत्रात मात्र लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर बांधकामास परवानगी मिळू शकते. यातून नव्या इमारतीचे रक्षण होत असले, तरी त्यासाठी मोठा भराव टाकल्यास पाण्याला पसरण्याची जागा कमी होते आणि ते शेजारच्या जुन्या, सखल वस्तीत शिरण्याचा धोका वाढतो.

या क्षेत्रांबाबत हरकत घेण्याची संधी शहराचा विकास आराखडा तयार होताना मिळते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहराच्या भावी जमीनवापराचा कच्चा नकाशा व अहवाल, प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकती व सूचना दाखल करता येतात. त्यांचा विचार नियोजन समिती करते आणि हरकतदाराने मागणी केल्यास त्याची सुनावणीही घेते.

पूररेषा जलशास्त्रीय गणिताने ठरत असल्याने ती बहुमताने सरकवता येत नाही, परंतु त्या गणितातील माहिती अपुरी असल्याचे नागरिक दाखवू शकतात. भोगावतीकाठचे धाराशिव असो, मांजराकाठचे कळंब असो वा बोरीकाठचे नळदुर्ग, पाणी कोणत्या वर्षी कुठवर चढले, कोणता ओढा बुजवला गेला आणि कोणत्या पुलाची मोरी तुंबते, हे स्थानिकांना ठाऊक असते. ‘आमच्या भागात पाणी येते’ या मोघम वाक्यापेक्षा गट क्रमांक, तारीख, छायाचित्र व भिंतीवरील पाण्याची खूण जोडलेली हरकत तपासणे समितीला सोपे जाते आणि डावलणे अवघड.

जमीन निषिद्ध क्षेत्रात गेलेल्या मालकाला हरकतीची निकड तीव्रतेने जाणवते, तर पुराची झळ ज्यांना आधी बसते त्या भाडेकरूंपर्यंत व सखल वस्त्यांपर्यंत आराखड्याची जाहीर सूचना अनेकदा पोहोचतच नाही. म्हणून राजपत्र व वृत्तपत्रातील प्रसिद्धीबरोबरच प्रभागवार नकाशे मराठी खुलाशासह लावणे आणि पूररेषा प्रत्यक्ष जागेवर खांबांनी दाखवणे आवश्यक आहे. आपले घर रेषेच्या कोणत्या बाजूला येते हेच ज्याला कळलेले नाही, त्याच्यासाठी तीस दिवसांची मुदत कागदावरच राहते.