जिन्याची पाळी : श्टुटगार्टचे वार्तापत्र

श्टुटगार्ट, कार्तिक मास

संपादक महाशय,

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ सालापासून भगिनीनगरे आहेत, ही गोष्ट खुद्द मुंबईतल्या फार थोड्यांच्या कानावर असेल. परंतु ज्यांचा मुलगा किंवा सून चाकण-पिंपरीच्या एखाद्या कारखान्यातून उठून नेकार नदीकाठच्या या शहरी नोकरीस रुजू झाली आहे, त्यांना हे नाव आता नवे राहिलेले नाही. आपली मंडळी येथे राहतात कशी, आणि ती रुळली असे केव्हा म्हणावे, अशी पृच्छा आपण मागील पत्रात केली होती. थंडी, पाव आणि रूळगाड्यांची वेळापत्रके यांत त्याचे उत्तर नाही. ते सर्व लवकरच अंगवळणी पडते. या देशात परका मनुष्य प्रथम कर्तव्यात सामील करून घेतला जातो, आणि स्नेहात, घेतला गेलाच तर, पुष्कळ काळाने. हा क्रम ज्याने ओळखला त्याचे दिवस सुखाने जातात. तो उलटा असावा असे ज्याला वाटत राहते तो कुढत बसतो.

कर्तव्याचा आरंभ नावापासून होतो. येथील इमारतींत बिऱ्हाडांना बहुधा क्रमांकच नसतात. रस्त्याचे नाव, घराचा आकडा आणि घंटीशेजारी लिहिलेले आडनाव एवढ्यावर टपालवाला माणूस शोधून काढतो, आणि पेटीवर ज्याचे नाव नाही तो इसम टपालखात्याच्या लेखी त्या घरात राहतच नाही. म्हणून ट्रंका उघडण्यापूर्वी ‘जाधव’ किंवा ‘कुलकर्णी’ अशी चिठ्ठी पेटीवर डकवणे हाच येथील खरा गृहप्रवेश. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आपण अमुक ठिकाणी राहावयास आलो अशी वर्दी द्यावयाची, व तिच्यासोबत घरमालकाचा लेखी दाखला जोडावयाचा. ही सक्ती केवळ परक्यांवर आहे असे समजू नये. जन्माने जर्मन असलेला मनुष्य एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत बिऱ्हाड हलवतो तेव्हा त्यालाही हेच करावे लागते. मात्र त्याला जे ठाऊक असते, आणि नवख्याला नसते, ते असे की, या नोंदणीवाचून बँकेचे खाते अडते, पगारावरील कराचा क्रमांक अडतो आणि वास्तव्याचा परवानाही अडतो. घरावाचून नोंदणी नाही, आणि पगाराची पत्रके पाहिल्यावाचून कोणी घर देत नाही. पहिल्या महिन्यात आपल्याकडचा मनुष्य या त्रांगड्यात सापडून चिडतो, आणि त्याने चिडावे हे मला रास्तच वाटते.

नोंदणीच्या वेळी धर्मासंबंधी एक प्रश्न असतो व तो शिष्टाचारापुरता नसतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चचा कर या देशात सरकारच वसूल करून देते. येथील बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतात तो प्राप्तिकराच्या ८ टक्के असतो. वसईहून वा गोव्याहून आलेला ख्रिस्ती बांधव त्या ठिकाणी प्रांजळपणे ‘कॅथलिक’ असे लिहून जातो, आणि पगारपत्रकात एक रकाना वाढलेला पाहून चकित होतो. हिंदू, मुसलमान व निरीश्वरवादी या बाबतीत एका पंक्तीला बसतात व सुटतात. नभोवाणी-दूरदर्शनची महिना १८.३६ युरोंची पट्टी मात्र सहसा कोणालाच सुटत नाही. घरात यंत्र असो वा नसो, दर बिऱ्हाडामागे तिचा तगादा येतोच, आणि तो शोधत येतो त्या नोंदणीच्याच आधारे.

भाड्याने मिळालेले घर म्हणजे पुष्कळदा निव्वळ चार भिंती असतात. स्वयंपाकघर म्हणून जी खोली दाखवतात तीत ओटा नाही, शेगडी नाही, कित्येकदा भांडी घासण्याची मोरीसुद्धा नाही. भिंतीतून नळाची तोंडे डोकावतात आणि छतातून तारा लोंबतात, कारण आधीचा भाडेकरू आपले कपाट, आपला ओटा आणि आपला दिवा घेऊन गेलेला असतो, किंवा तुम्हांला तो विकण्याच्या वाटाघाटीत असतो. परंतु या ओसाड खोलीच्या मागे कायद्याचे बळ केवढे आहे, हे भाडेपट्टा वाचू लागल्यावर कळते. अनामत म्हणून मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक रक्कम मालकास घेता येत नाही. ती तीन हप्त्यांत देण्याची मुभा भाडेकरूस असते. मालकाने ती आपल्या पैशांपासून वेगळी, व्याजी ठेवावयाची असते. करार बहुधा बेमुदत असतो, आणि कायद्याने मान्य केलेल्या कारणावाचून भाडेकरूस बाहेर काढता येत नाही. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या कागदावर दरसाल कोथरूडहून बाणेरास आणि बाणेरहून वाकडास सामान हलवलेल्या तरुणास ही सुरक्षितता प्रथम खरीच वाटत नाही. ज्या दप्तरशाहीने त्याला महिनाभर हेलपाटे घालावयास लावले, तीच आता त्याच्या बाजूने उभी असते.

आता जिन्याविषयी. श्टुटगार्ट ज्यात येते त्या श्वाबेन प्रदेशाची म्हणून जी एक संस्था आहे ती ‘केअरवोखे’, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. एका मजल्यावरील बिऱ्हाडे आळीपाळीने आपापल्या मजल्याचा जिना झाडतात व पुसतात, ती लहान पाळी. तळघर, अंगण, रस्त्यालगतची पायवाट आणि हिवाळ्यात तिच्यावरचा बर्फ ही मोठी पाळी. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी किंवा पुठ्ठ्याची पाटी लटकलेली असते, व आठवडा सरला की ती न बोलता शेजारच्या मुठीवर जाते. या प्रथेचे मूळ संशोधक १४९२ पर्यंत नेतात. त्या साली काउंट एबरहार्ट याने श्टुटगार्टच्या रहिवाशांना आपापली घाण दर आठवड्यास शहराबाहेर नेऊन टाकण्याचे फर्मान काढले होते. (याच एबरहार्टने १४७७ मध्ये ट्युबिंगेनचे विद्यापीठ स्थापिले, विद्या आणि केर यांची एकदम काळजी वाहणारे राज्यकर्ते इतिहासात थोडेच.) नगरपालिकेने आपल्या नियमांतून ही सक्ती १९८८ मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, काढून टाकली; परंतु भाडेपट्ट्यांतून आणि लोकांच्या मनांतून तिला कोण काढणार!

माझ्या वरच्या मजल्यावर बारामतीकडचा एक तरुण अभियंता राहतो. त्याची आई पहिल्या उन्हाळ्यात येथे आली होती, तेव्हा एका शनिवारी सकाळी चिरंजीव हातात बादली घेऊन जिन्यात वाकलेले पाहून ती दारातच थबकली. “अरे, हे काम तू करतोस होय? झाडायला बाई येत नाही का इथं?” “आई, इथं आपलं आपणच करायचं. खालच्या आजोबांचीसुद्धा पाळी असते.” खालचे आजोबा म्हणजे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ते नेमके त्याच वेळी वर आले, त्यांनी पायरीचा कोपरा बोटाने दाखवला व काही न बोलता उभे राहिले. मातोश्रींनी पदर खोचला, मुलाच्या हातचे फडके काढून घेतले, पायरीच्या कडेपासून आत अशा रीतीने पुसत दोन पायऱ्या करून दाखविल्या, आणि फडके परत त्याच्या हाती देऊन म्हणाल्या, “असं पूस. त्यांचं बरोबर आहे.” भाषेचा एकही शब्द सामाईक नसलेल्या त्या दोन वडीलधाऱ्यांचे त्या कोपऱ्याबाबत पूर्ण मतैक्य झाले.

गंमत वगळली तरी या प्रसंगात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्याकडे केरसुणी कोणाच्या हाती असावी हे जन्माने ठरत आले. गाडगेबाबांनी ती स्वतःच्या हाती घेऊन गावेच्या गावे झाडली, आणि आम्ही त्यांचे पुतळे उभारून ती पुन्हा ज्यांच्या त्यांच्या हाती दिली. येथे कारखान्यातील खात्याचा प्रमुख आणि त्याच कारखान्यातील जुळारी एका जिन्यावर राहत असतील तर पाटी दोघांच्याही दारी सारख्याच दिवसांसाठी येते. तरी या गोष्टीचे फाजील कौतुकही करू नये. आता कित्येक इमारतींत जिना झाडण्याचे काम ठेकेदाराकडे गेले आहे, आणि त्या ठेकेदाराची माणसे बहुतांशी परदेशांतूनच आलेली असतात. येथेही पैसा हाती आला की केरसुणी दुसऱ्याकडे सरकते, एवढेच की ती पुढच्या पिढीत त्याच घराण्यात राहिली पाहिजे असा दंडक नाही.

रविवारी सर्व सामसूम असते. दुकाने बंद, भिंतीला गिरमिट लावावयाचे नाही, हिरवळ कापावयाची नाही, काचेच्या बाटल्या चौकातील पेटीत टाकावयाच्यासुद्धा नाहीत. रविवारच्या विश्रांतीचे हे कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील असून १९४९ च्या घटनेने ते जसेच्या तसे उचलले आहे. शनिवारी दूध आणावयाचे राहिले तर रेल्वेस्थानक गाठावे, एवढाच उपाय.

नोकरीविषयी घरची मंडळी सर्वांत अधिक विचारतात. रोबेर्ट बॉश याने १८८६ मध्ये याच शहरात आपला कारखाना काढला आणि १९०६ मध्ये, कायद्याने भाग पाडण्याच्या पुष्कळ आधी, आठ तासांचा दिवस लागू केला. पुढे १९८४ मध्ये धातुउद्योगातील कामगारांनी या प्रांतात मोठा संप केला, आणि १९९५ पासून त्यांच्या सामुदायिक करारात आठवड्याचे काम ३५ तासांवर आले. या इतिहासाचे फळ नवागतासही आयतेच मिळते. दोन दिवसांच्या कामांमध्ये ११ तासांची अखंड विश्रांती कायद्याने आवश्यक आहे. आजारी पडल्यास सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार धनीच देतो. इतकेच नव्हे, तर रजेवर असताना आजारी पडून वैद्याचा दाखला आणला, तर तेवढे दिवस रजेच्या खाती परत जमा होतात. पुण्याच्या कचेरीत रात्री नऊ वाजता साहेबांच्या मोटारीवर नजर ठेवून बसण्याची सवय लागलेल्या गृहस्थास सायंकाळी पाच वाजता रिकाम्या दालनात आपण एकटेच उरलो आहोत, हे पाहून आपल्या हातून काही आगळीक घडते आहे अशी शंका येते. स्तुतीची मात्र अपेक्षा ठेवू नये. रागावलो नाही म्हणजे पुरेशी वाखाणणी झाली, अशा अर्थाची म्हणच श्वाबेन लोकांत आहे, आणि ते तिला जागतात.

त्यांची बोली हा आणखी एक स्वतंत्र अडथळा आहे. पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनात मन लावून शिकलेली जर्मन घेऊन मनुष्य येथे उतरतो आणि कोपऱ्यावरच्या पाववाल्या बाईचे पहिलेच वाक्य त्याच्या डोक्यावरून जाते. आम्हांला सर्व काही येते, फक्त प्रमाण जर्मन येत नाही, अशी जाहिरात १९९९ मध्ये खुद्द प्रांतिक सरकारनेच काढली होती. तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करावी? बोलीची ही भिंत गावोगावच्या गायनमंडळांत, वनविहाराच्या संघांत आणि अग्निशामक स्वयंसेवकांच्या पथकांत सामील झाल्याने झिजते. तेथेही आधी वर्गणी, मग कामाची वाटणी, आणि वार्षिक मेळाव्यात खुर्च्या मांडून झाल्यावर कोणीतरी प्रथमच तुम्हांला घरच्यांविषयी विचारतो. आपली मराठी मंडळी गणपतीस आणि दिवाळीस एकत्र जमतात (फटाके मात्र नाहीत, ते वर्षअखेरीच्या रात्रीच), व बहुतेकांची स्नेहाची गरज तेथेच भागते. त्यामुळे त्या गायनमंडळांकडे फारसे कोणी वळत नाही. मला हे बरे वाटत नाही, पण दिवसभर परभाषेत काम करून आलेल्या माणसास सायंकाळी बोलीभाषेतली गाणी शिक म्हणण्याचा धीरही होत नाही.

आज अभियंत्यांचे येथे जे स्वागत होते त्याची किंमत आधी दुसऱ्यांनी भरलेली आहे, हेही लिहिले पाहिजे. १९५५ मध्ये इटलीशी व १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून जर्मनीने कामगार आणवले, ते चार दिवस राबून परत जातील अशा हिशेबाने. म्हणून त्यांना भाषा शिकवण्याची तजवीज केली नाही, आणि १९७३ मध्ये भरती थांबवली तेव्हा त्यांची मुले येथील शाळांत शिकत होती. त्या चुकीचा धडा शिकण्यास या राष्ट्रास काही दशके लागली. आता ‘ब्लू कार्ड’ नावाच्या परवान्यावर आलेल्या सुशिक्षितास २७ महिन्यांनी, आणि भाषा बऱ्यापैकी येत असल्यास २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा हक्क मिळू शकतो. श्टुटगार्टच्या लोकसंख्येत परदेशी मुळाच्या कुटुंबांचा भाग आज निम्म्याच्या जवळपास आहे. ट्राममधून प्रवास करताना जी नाना भाषांची कुजबूज कानी येते तिच्यात तुर्की जुन्या रहिवाशांची वाटते.

नागरिकत्वाचा प्रश्न सध्या आपल्या घरोघरी चर्चिला जातो. २०२४ च्या जूनपासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो; भाषेचा दाखला आणि ३३ प्रश्नांची परीक्षा, ज्यांपैकी १७ बरोबर आले की झाले. जर्मन कायदा आता जुने नागरिकत्व सोडावयास सांगत नाही, परंतु आपला कायदा दोन नागरिकत्वे मानीत नाही. भारतीय पारपत्र परत करावे लागते, आणि मग परदेशस्थ भारतीयाचे कार्ड घेता येते. वारसाहक्काने आलेली शेतजमीन अशा कार्डधारकाकडे राहू शकते. नवी शेतजमीन मात्र त्यास विकत घेता येत नाही; परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकासही ती घेता येत नाही. वरच्या मजल्यावरील तरुणाने सर्व कागद जमवून ठेवले आहेत, परीक्षाही दिली आहे. पण बारामतीकडे बांधाला लागून असलेली शेजाऱ्याची जमीन विकावयास निघाली आहे आणि ती स्वतःच्या नावे घ्यावी असे वडिलांच्या मनात आहे. मुलाच्या नागरिकत्वाचा त्या खरेदीशी संबंध नसला तरी, खरेदीखत होईपर्यंत अर्ज दाखल करू नकोस, असे आईने फोनवर बजावले असल्यामुळे त्याचे प्रकरण तूर्त तहकूब आहे.

आपला,
श्टुटगार्टचा वार्ताहर