आयगेन म्हणजे ज्याचं त्याचं

भौतिकशास्त्राचं २०२५चं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झालं आणि क्वांटम टनेलिंगवर रकानेच्या रकाने भरले. निवडपत्रातला दुसरा मुद्दा बहुतेकांनी उरकून टाकला: त्यांच्या विद्युतमंडलाने ऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच घेतली. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. या पायऱ्या म्हणजे आयगेनव्हॅल्यू.

होय, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मॅथ्सच्या पेपरात छळणारी तीच. आयगेन हा कुणी शास्त्रज्ञ असावा, असं अनेकांना वाटतं. (मानफ्रेड आयगेन नावाचे नोबेलविजेते होते, पण रसायनशास्त्रातले, इथे त्यांचा संबंध नाही.) हे साधं जर्मन विशेषण आहे: स्वतःचा, अंगचा. स्वयंगोल म्हणजे 'आयगेनटोर'. घरमालकाला घर स्वतःसाठी हवं असेल तर 'आयगेनबेडार्फ'. जर्मन कायद्यात भाडेकरूला नोटीस द्यायला हे वैध कारण आहे, त्यामुळे तिथले भाडेकरू या शब्दाला चांगलेच टरकून असतात. आणि एखाद्या माणसाला नुसतं 'आयगेन' म्हटलं, तर स्वारी जरा तऱ्हेवाईक आहे असं समजावं.

गणितात हा शब्द रुजवला गॉटिंगेनच्या डेव्हिड हिल्बर्ट यांनी, १९०४मध्ये. १९२६मध्ये श्रोडिंगर यांनी आपल्या गाजलेल्या शोधनिबंधांच्या शीर्षकातच तो घातला. इंग्रजीत सिल्व्हेस्टर यांचा 'लेटंट रूट' होता. तो मागे पडला.

अर्थ कळायला दोन ओळींचा मॅट्रिक्स पुरे. वरच्या ओळीत २, १. खालच्या ओळीत १, २. (१, ०) या सदिशाला त्याने गुणा, (२, १) मिळतो, दिशा बदलली. आता (१, १) घ्या. उत्तर (३, ३). बाण तिप्पट लांबला, पण दिशेवरून हलला नाही. (१, −१) तर जसाच्या तसा परततो. या दोन दिशा त्या मॅट्रिक्सच्या अंगच्या. ३ आणि १ या त्याच्या आयगेनव्हॅल्यू. तंबोऱ्याची तार कशीही छेडा, स्वर तिचाच निघतो, तसं. गूगलच्या मूळ पेजरँकमध्येही वेबपानांची क्रमवारी अशाच एका अवाढव्य मॅट्रिक्सच्या आयगेनव्हेक्टरवरून लागत असे.

आपल्याकडे मात्र मुलं डिटर्मिनंट सोडवतात, लॅम्डा काढतात, मार्क घेतात आणि विसरतात. मास्तरांना एवढीच विनंती: लॅम्डा लिहिण्याआधी फळ्यावर हे बाण काढून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.