शिक्का कचेरीतला नव्हे, हौसेचा!

रबरी शिक्का म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? तहसील कचेरी, पोस्टाची खिडकी, नाही तर मुलांच्या प्रगतिपुस्तकावरची हेडमास्तरांची सही. म्हणूनच भिलाईच्या जुनवानी भागात रबरी शिक्के आणि कागदकाम यांचे छोटेसे प्रदर्शन पाहायला जायचे ठरले, तेव्हा सासूबाईंनी विचारलेच, ‘‘शिक्क्यांचं कसलं गं प्रदर्शन?’’ दोन तासांनी आम्ही परत निघालो, तेव्हा सर्वांत जड पिशवी त्यांचीच होती!

भिलाई हे पोलादाचे गाव. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून नोकरीच्या निमित्ताने विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबे इथे येऊन स्थिरावली. जुनवानीत आता वसाहती आणि कॉलेजे आहेत. अशाच एका वसाहतीच्या सभागृहात वीसेक टेबले मांडली होती. कुठे शुभेच्छापत्रे, कुठे कागदाची फुले, कुठे नुसते शिक्केच शिक्के.

खिळ्यांपासून लेझरपर्यंत

दारातच एका वयस्क काकांचे टेबल होते. उभा जन्म त्यांनी बाजारात शिक्के बनवण्यात घालवलेला. ‘‘पूर्वी शिक्का म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम होतं, ताई,’’ ते सांगू लागले. छापखान्यात असतात तसे शिशाचे खिळे उलटे जुळवायचे, त्यांचा साचा उठवायचा, साच्यावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा आणि गरम दाबयंत्रात दाबायचा. उष्णतेने रबर पक्के होते आणि अक्षरे उमटून येतात. मग कात्रीने कापून लाकडी मुठीला चिकटवायचे, की शिक्का तयार.

रबर पक्के करण्याची ही युक्ती चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाची. रबरात गंधक मिसळून ते तापवले, तर ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे त्याने शोधले आणि 1844 साली त्याचे पेटंट घेतले. रबरी शिक्के त्यानंतरच्या वीसेक वर्षांत प्रचारात आले. आता संगणकावर मजकूर तयार होतो आणि लेझर यंत्र काही मिनिटांत रबर कोरून देते. स्वतःच शाई सोडणारे शिक्के आल्यापासून शाईच्या पॅडचीही गरज उरलेली नाही.

‘‘मग तुमचं काम कमी झालं असेल?’’ मी विचारले.

‘‘कचेरीचं झालं. पण आता या पोरी मोर, वेली, दिवे, पावलं करून मागतात,’’ काका हसून म्हणाले.

आपल्याला तरी शिक्का कुठे नवा आहे? शिवकाळातल्या पत्रांवर माथ्याला मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. मोर्तबाच्या पुढे कुणी काही घुसडू नये, हा त्यातला हेतू. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथूनच आपल्या बोलण्यात आला. आणि दारापुढे उमटवायचे रांगोळीचे छापे तर घरोघरी असतातच.

घरच्या घरी शिक्का

पुढच्या टेबलावर एक कॉलेजकन्या खोडरबरावर नक्षी कोरून दाखवत होती. मुलांसाठी सुट्टीतला हा उत्तम उद्योग आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढावे. तो कागद खोडरबरावर उपडा ठेवून नखाने घासावा. चित्र आपोआप उलटे उमटते, म्हणजे छापताना ते सुलटे येते. अक्षरांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, नाही तर नाव आरशात पाहिल्यासारखे छापले जाईल! मग नको असलेला भाग हलक्या हाताने कोरून काढावा. पाते मोठ्या माणसाच्याच हाती द्यावे.

तेवढीही खटपट नको असेल, तर भेंडी आडवी कापा. पाकळ्यांचे फूल तयारच! बटाट्याचा ठसा करायचा असेल, तर कापलेली बाजू आधी कोरडी पुसून घ्या, नाही तर रंग पसरतो.

शिक्का शाईवर घासू नये, हलकेच टेकवावा. कागदाखाली जुने मासिक ठेवावे, म्हणजे दाब सारखा पडतो. उमटवताना शिक्का डोलवू नये. काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवावा. थिनर लावला तर रबर खराब होते.

उठावाची चकचकीत अक्षरे पाहून सासूबाई थबकल्या. सावकाश वाळणाऱ्या शाईवर खास भुकटी भुरभुरायची, उरलेली झटकायची आणि गरम हवेच्या यंत्राने वितळवायची, असे ते तंत्र. केस वाळवायच्या ड्रायरने मात्र हे जमत नाही. भुकटी उडून जाते आणि तेवढी उष्णताही मिळत नाही.

कागदाची श्रीमंती

कागदांच्या टेबलावर जाड, खरबरीत, हाताने बनवलेले कागद होते. महाराष्ट्राला ही कला परकी नाही. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव या कामावरूनच ओळखले जाते. गांधीजींच्या पुढाकाराने 1934 साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चाले आणि हातकागदालाही त्यात स्थान होते. पुण्याची हातकागद संस्था 1940 साली सुरू झाली. हा कागद शाई पटकन शोषतो, म्हणून त्यावर दाट शाईचे ठळक शिक्के शोभतात. बारीक नक्षी हवी असेल, तर गुळगुळीत कागदच बरा.

शेजारी ओरिगामीची पाखरे टांगली होती. जपानीत ‘ओरू’ म्हणजे घडी घालणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. मराठीत अनिल अवचटांनी या घड्यांची गोडी अनेकांना लावली.

‘‘कागद तर सहाच रुपयांचा!’’

शेवटच्या टेबलावर एक ताई शुभेच्छापत्रे विकत होत्या. एकाची किंमत तीस रुपये. सवयीप्रमाणे मी घासाघीस केली, ‘‘वीसला द्या की. कागद तर पाच-सहा रुपयांचाच असेल!’’

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे. कागद सहा रुपये, पाकीट चार, शाई आणि गोंद तीन. तेरा झाले. पण एक कार्ड करायला अर्धा तास लागतो आणि दहांत एखादं बिघडतं. वीसला दिलं, तर अर्ध्या तासाचे माझे सात रुपये.’’ थोडे थांबून पुढे म्हणाल्या, ‘‘दोन वर्षं मी वीसलाच विकत होते. हौसच आहे म्हणून माझा वेळ मी मोजलाच नाही. यांचं कंत्राटी काम सुटलं आणि घर यावर चालवायची वेळ आली, तेव्हा वही काढली. तोट्यातच होते मी.’’

हिशेब शिकवला तो दारातल्या काकांनी. प्रत्येक कामाला किती वेळ लागला, ते लिहून ठेवायला त्यांनी सांगितले. सुटी कार्डे करण्यापेक्षा लग्नाची पाकिटे आणि बारशाच्या चिठ्ठ्या यांची एकगठ्ठा मागणी घ्यायला लागल्यापासून ताईंचा जम बसतो आहे. एकाच शिक्क्याने शंभर पाकिटे झाली, की वेळ निम्म्यावर येतो.

मी ओशाळले. दुकानातल्या छापील कार्डाची किंमत मी मुकाट्याने देते आणि हातच्या कामाला मात्र कागदाच्या भावाने तोलते! आपण गृहिणी स्वतःच्या कामालाही हेच माप लावतो. स्वेटरला लोकर किती लागली ते सांगतो, पण रात्री किती जागलो ते सांगत नाही.

सासूबाईंनी तेवढ्यात दहा कार्डे उचलून पूर्ण पैसे मोजले होते. घरी आल्यावर त्यांनी खोडरबर मागून घेतले. दुसऱ्या दिवशी नातवाच्या मदतीने एक वेडावाकडा दिवा तयार झाला. यंदा दिवाळीत गोंदियाच्या नणंदेला जाणाऱ्या पाकिटावर तोच उमटणार आहे.

तुमच्या गावात असे प्रदर्शन भरले, तर जरूर जा. मुलांनाही न्या. आणि काही आवडले, तर भाव करण्यापूर्वी एवढेच विचारा, ‘‘हे करायला किती वेळ लागला हो?’’