कामावर यायचं नव्हतं, हे खरं नाही

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याच्या पंगतीत पुन्हा तेच ऐकलं. शेजारी बसलेले गृहस्थ भिवंडीत यंत्रमागाचा कारखाना चालवतात. कारागीर टिकत नाहीत ही त्यांची तक्रार होती आणि कारणही तयार होतं. ‘कोविडमध्ये सरकारनं फुकट रेशन वाटलं ना, तेव्हापासून या लोकांना चटक लागली. लॉकडाऊन उठला तरी कामावर यायचं नाव नाही.’ आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. हे वाक्य मी २०२० च्या जूनपासून ऐकत आलेय. रिक्षात ऐकलं, सोसायटीच्या बैठकीत ऐकलं, बँकेच्या रांगेत ऐकलं. बोलणारी माणसं वाईट नसतात. पण वाक्य धडधडीत चुकीचं आहे, आणि ज्यांच्याबद्दल ते बोललं जातं ते उत्तर द्यायला त्या पंगतीत कधीच नसतात. म्हणून एकदा हिशेब मांडते.

आधी धान्याचाच हिशेब घेऊ. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत एप्रिल २०२० पासून माणशी महिना ५ किलो गहू किंवा तांदूळ मोफत मिळू लागला. शिवाय कुटुंबामागे १ किलो डाळ. रेशनवर आधीपासून २ रुपये किलोने गहू आणि ३ रुपये किलोने तांदूळ मिळत होताच, हे ५ किलो त्याच्या वरचे. पाच माणसांच्या घरात २५ किलो जादा धान्य आलं. त्याने पोट भरतं. खोलीचं भाडं, तेल-मीठ, गॅस, औषधं, मुलांच्या शाळेसाठी मोबाइलचा रिचार्ज यातलं काहीही त्याने भागत नाही. जनधन खातं असलेल्या बायकांना महिना ५०० रुपये मिळाले, तेही तीनच महिने. जानेवारी २०२३ मध्ये धान्याचा तो जादा वाटा बंद झाला आणि नेहमीचा ५ किलोचा वाटा मोफत झाला. म्हणजे आज ज्याला ‘फुकट’ म्हणतात, त्यातून माणशी वाचतात महिन्याला १० ते १५ रुपये. एवढ्यासाठी कुणी हातची रोजी सोडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. भिवंडीच्या कारागिराला हे धान्य मिळालंच कुठे? त्याचं रेशनकार्ड उत्तर प्रदेशात, बिहारात, तेलंगणात, गावच्या घरी. इथे तो आठ-दहा जणांच्या खोलीत राहतो आणि भिस्सीत जेवतो. भिस्सी म्हणजे महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण देणारी खाणावळ. मार्चअखेर यंत्रमाग थांबले, तशा भिस्स्याही थांबल्या. खोलीत चूल नाही, भांडी नाहीत, आणि दुकानात दाखवायला इथलं कार्ड नाही. त्या दिवसांत अडकलेल्या कामगारांचे फोन घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी, स्ट्रँडेड वर्कर्स अॅक्शन नेटवर्क या गटाने, ११,१५९ कामगारांच्या नोंदी ठेवल्या होत्या. २७ मार्च ते १३ एप्रिलपर्यंतच्या या नोंदींत ९६ टक्के कामगारांना सरकारी धान्य मिळालेलं नव्हतं, आणि ८९ टक्क्यांना मालकाकडून एक पैसाही मिळालेला नव्हता. ही मदतीसाठी फोन करणारी माणसं होती, तेव्हा सगळ्या देशाचं चित्र असंच होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या परगावच्या कामगारावर ‘फुकट रेशनची चटक’ लागल्याचा आरोप आहे, तो नेमका हाच माणूस.

‘पण सरकारनं पगार द्यायला सांगितलं होतं की!’ हेही ऐकू येतं. हो, सांगितलं होतं. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयाने बंदच्या काळात पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला. तो १७ मेच्या नव्या आदेशाने मागे घेतला गेला. मधल्या दिवसांचं काय करायचं हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे १२ जूनला मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, दोन्ही बाजूंनी बोलणी करून मिटवा, असं ठरलं. आता मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराने बोलणी कुणाशी करायची? त्याच्या हातात नेमणुकीचं पत्र नसतं, हजेरी मुकादमाच्या वहीत असते. कापड निघालं नाही तर मजुरी शून्य.

मी त्या गृहस्थांना विचारलं, एप्रिल-मेची मजुरी दिली होती का? त्यांनी सरळ उत्तर दिलं. एप्रिलमध्ये प्रत्येकाला थोडी उचल दिली, मेमध्ये त्यांच्याकडेच काही उरलं नव्हतं, व्यापाऱ्यांकडची येणी अडकली होती. त्यांची अडचण मला कळते, लहान कारखानदार त्या वर्षी खरोखर भरडला गेला. पण मग दोन महिने हातात काही न पडलेला माणूस गावी गेला आणि लगेच परतला नाही, तर त्याचं कारण धान्याच्या पोत्यात शोधायची गरज काय?

तो गावी गेला तेही हौसेने नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर गाडी मिळेल म्हणून रुळांवरून भुसावळकडे चालत निघाले होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवरच झोपलेल्या या माणसांवरून मालगाडी गेली. १६ जण गेले. त्यांच्या शिदोरीतल्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्याचा फोटो महाराष्ट्राने पाहिला आहे. काम सुरू असतं, तर ती माणसं जालन्यातच राहिली असती.

गावी गेल्यावर ती माणसं बसून राहिली का? जिथे काम होतं, तिथे त्यांनी केलं. २०२०-२१ मध्ये रोजगार हमीवर देशभरात ११ कोटींहून जास्त माणसांनी काम केलं आणि मनुष्यदिवस ३८९ कोटींच्या घरात गेले. योजना सुरू झाल्यापासून कोणत्याच वर्षी एवढं काम झालं नव्हतं. महाराष्ट्रात तेव्हा दिवसाची मजुरी होती २३८ रुपये. ऐन उन्हाळ्यात माती उपसायची, तीही या दरात. फुकट खायची सवय लागलेला माणूस हे काम मागायला जात नाही. आणि जून संपता संपता उत्तर प्रदेश-बिहारकडून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या भरून यायला लागल्या होत्या. साथ उतरली नव्हती. १ जूनला देशात रोज ८ हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडत होते, सप्टेंबरच्या मध्यात हा आकडा ९७ हजारांवर गेला. याच काळात माणसं परतत होती, भीती मनात ठेवून.

जे उशिरा आले किंवा आलेच नाहीत, त्यांची कारणं विचारली तर मिळतात. जुनी मजुरी बुडालेली. खोलीमालकाचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं, त्यामुळे तोंड दाखवायची चोरी. आणि सगळ्यांत मोठी शंका, पुन्हा बंद झालं तर? ती शंका खोटी ठरली नाही. १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध आले. ज्याने सावध राहायचं ठरवलं, त्याचा अंदाज बरोबर निघाला. त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

आता घराजवळचं सांगते. आमच्या ठाण्याच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी दिव्याला राहतात. २०२० च्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, ‘ताई, येऊ का? मास्क लावीन, हात धुईन.’ आमच्या सोसायटीने बाहेरच्या माणसांना मज्जाव केला होता. तो उठला ऑगस्टमध्ये. तोवर लोकल अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली होती, १५ जूनपासून. पोळ्या करणं अत्यावश्यक सेवेत मोडत नव्हतं. २१ ऑक्टोबरला सगळ्या बायकांना परवानगी मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. पोळ्यांची वेळ सकाळी ८ ची. मावशींनी तीन घरांना विनवून वेळ बाराची करून घेतली, दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. मधल्या काळात सोसायटीच्या जिन्यात मी स्वतः ऐकलं आहे, ‘या बायकांना आता कामच नको झालंय.’ मावशी तेव्हा गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहून, तापमान मोजून घेऊन, आत सोडायची वाट बघत उभ्या होत्या.

बायकांबद्दलचा हा गैरसमज एवढ्यावर थांबत नाही. ‘घरी बसायची सवय झाली, म्हणून नोकरीवर परतल्या नाहीत’ असं शिकलेले लोकही म्हणतात. अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०२१ चा अहवाल सांगतो की पहिल्या लॉकडाऊनमध्ये काम करणाऱ्या पुरुषांपैकी ६१ टक्क्यांचं काम टिकलं आणि ७ टक्क्यांचं २०२० च्या अखेरीपर्यंतही परत आलं नाही. बायकांत काम टिकलं फक्त १९ टक्क्यांचं, आणि ४७ टक्क्यांना वर्ष संपलं तरी ते परत मिळालं नाही. निम्म्या बायकांना एकाच वर्षी एकदम आराम करावासा वाटला, असं मानायला माझं मन तयार नाही. शाळा बंद होत्या, पाळणाघरं बंद होती, आणि घरातल्या आजारी माणसाचं करायला कोण थांबलं, हे ज्याने त्याने आपल्या घरात आठवून पाहावं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘अनलॉक म्हणजे धोका संपल्याचा दाखला’ : नाही. रुग्णसंख्या चढत असतानाच निर्बंध सैल झाले, ते रोजगारासाठी. ‘घरून काम सगळ्यांना जमलं असतं’ : देशात दहातले जवळपास नऊ जण असंघटित क्षेत्रात कमावतात. वीट, भाजी आणि रिक्षा लॅपटॉपवर चालत नाही. ‘निर्बंधांना विरोध करणारे विज्ञान मानत नव्हते’ : एप्रिल २०२१ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या बहुतेक दुकानदारांचं म्हणणं रोग खोटा आहे असं नव्हतं, दुकानाचं भाडं आणि बँकेचे हप्ते कसे फेडायचे असं होतं.

‘झोपडपट्टीतली माणसं बेफिकीर, म्हणून तिथे साथ पसरली’ याला मात्र एक ओळ पुरणार नाही. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर या संशोधन संस्थेने शहराच्या तीन विभागांत रक्ताचे नमुने तपासले. वस्त्यांमधल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींमध्ये १६ टक्के. कारणांमध्ये दाट वस्ती आणि सामायिक शौचालयं यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहणाऱ्याला सहा फुटांचं अंतर कुठून मिळणार?

आणि शेवटचा : ‘लस घ्यायला टाळाटाळ केली, म्हणून लोकलचा पास मिळाला नाही.’ १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. मावशी बावन्न वर्षांच्या. ४५ च्या वरच्यांचं लसीकरण १ एप्रिलला सुरू झालं होतं, त्यामुळे त्यांचे दोन्ही डोस जुलैत पुरे झाले. त्यांची सून सव्वीसची, दादरला साडीच्या दुकानात कामाला. १८ ते ४४ वयाच्यांना १ मेपासून परवानगी होती, पण केंद्रावर लस असायची नाही. चार वेळा रांगेतून परतल्यावर तिला पहिला डोस जुलैत मिळाला. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर तोवर ८४ दिवसांवर गेलं होतं. त्यात १४ दिवस मिळवा. तिचा पास दिवाळीच्या आठवड्यात निघाला. तोवर ती दिव्याहून दादरला रोज दोन बस आणि एक शेअर रिक्षा करून, दीड-दोन तास एका बाजूला घालवून जात होती. एक दिवसही तिने खाडा केला नाही.